वाया किती

सरांच्या हातात कुणी चहा दिला की ते आधी बशीत बघत. बशीत सांडलेला असला तर मान हलवून म्हणत, "एवढा वाया." मग बशीतला आधी पीत, कपातला नंतर. शाळेच्या शिपायाला हे ठाऊक होतं. तो मुद्दाम कप हिंदकळवत आणायचा आणि दाराशी उभा राहून बाकीच्या शिक्षकांकडे बघत डोळे मिचकावायचा. सरांना हे कळत होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग कधी दिसला नाही. दमणूक मात्र कायम दिसायची. सकाळी शाळेची पहिली घंटा व्हायची तेव्हाही ते दिवसभराचं काम उरकून आल्यासारखे दिसत. पुढे मला कळलं की ते खरोखरच काम उरकून येत असत.

मी नंदुरबारला आले ती वडिलांची रेल्वेतली बदली झाली म्हणून. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वाचता-लिहिता येणारी पण बोलताना अडखळणारी. बाजारातली अहिराणी तर कानावरून जायची. हायस्कुलात इंग्रजी शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं, म्हणून मला घेतलं. शिक्षकांच्या खोलीत मी खिडकीशी बसायची आणि कुणी विचारलं तरच उत्तर द्यायची. मी शिष्ट आहे असं सगळ्यांनी लवकरच ठरवून टाकलं, आणि मला ते एका परीनं सोयीचंच वाटलं.

हे सर विज्ञान शिकवायचे. एक दिवस ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही इंग्रजी वाचून दाखवताना मधे बोलता का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग चालेल. बोलण्यात फार वाया जातं."

त्यांना वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. डाव्या डोळ्यात पडदा आलेला होता आणि उजवा लवकर थकायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रडारच्या दुरुस्तीच्या कामावर होते. लहरी जिथून बाहेर पडतात त्या धातूच्या नळकांड्याला एकदा त्यांनी डोळा लावला होता.

"काय दिसलं?" मी विचारलं. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली.

"काही नाही. ऊब वाटली. बरी वाटली, म्हणून जरा जास्त वेळ बघत राहिलो."

युद्ध संपल्यावर भंगारात निघालेल्या सामानातून त्यांनी मॅग्नेट्रॉनची एक नळी मिळवली होती. नळी म्हणायचं, पण दिसायला ती मुठीएवढा तांब्याचा गोळाच. तिला पाणी आत-बाहेर जाण्यासाठी दोन बारीक तोंडं होती. रडारच्या लहरी याच गोळ्यातून निघतात. मधल्या काळात ते कुठल्याशा प्रयोगशाळेत होते, तिथे वरिष्ठांशी पटलं नाही, आणि ते नळी घेऊन गावाकडे परत आले. गाव ब्राह्मणपुरी, गुजर शेतकऱ्याचं घर. घरच्यांनी केळी लावायला सांगितल्या. त्यांनी लावल्या नाहीत. नंदुरबारला चुलतभावाची कापसातली सरकी काढायची जीन होती. तिच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड रिकामी होती आणि जीनच्या इंजिनावर डायनामो चालायचा. सरांना तेवढं पुरेसं होतं.

चुलतभाऊ माणूस दिलदार होता, पण जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने मला शेडकडे जाताना थांबवून सांगितलं, "बाई, माझी जीन कापूस खाते तर निदान सरकी बाहेर टाकते. आमचा हा भाई वीज खातो आणि नुसता घाम गाळतो."

"घाम कमी करायचा, तेच तर चाललंय," सर त्याच्याकडे न बघता म्हणाले.

त्यांच्या कामाचं सगळं सार त्या एका उत्तरात होतं. नळीला जेवढी वीज द्यावी तिच्यातली निम्मीसुद्धा लहरी होऊन बाहेर पडत नसे. उरलेली नळीच्या तांब्यातच उष्णता होऊन मुरायची. ती उष्णता कमी करायची आणि लहरी वाढवायच्या, एवढाच सरांचा ध्यास. मी एकदा भीत भीत विचारलं की वीज आत कुठे अडते. त्यावर त्यांनी मला नवरात्रातला फेर सांगितला.

"आमच्याकडे बायका गरब्याभोवती फेर धरतात ना, मधे दिवा ठेवून? तसंच हे. मधल्या दिव्यातून कण निघतात. बाहेरच्या चुंबकामुळे ते सरळ भिंतीकडे न जाता गोल फिरतात. फिरताना भिंतीतल्या पोकळ्यांना आपला जोर देत जातात, त्याच्या लहरी होतात. सगळा जोर देऊन, थकून जी बाई भिंतीला टेकते, ती खरी नाचली. आणि अंगात रग शिल्लक असताना जी भिंतीवर जाऊन आदळते, ती नुसती भिंत तापवते."

"मग काय करायचं?"

"चुंबक वाढवायचं. वेढा आवळायचा. म्हणजे लवकर सुटणार नाहीत, थकेपर्यंत फिरतील."

हे सांगताना तेच इतके थकलेले दिसत होते की मला पुढचं विचारवलं नाही.

त्या कणांपैकी काही अर्ध्या वाटेतून मागे फिरतात आणि ज्या दिव्यातून निघाले त्यालाच येऊन चटका देतात. त्यांच्यावर सरांचा विशेष रोष होता. म्हणूनच की काय, सर स्वतः एकदा निघाले की कशासाठीही मागे फिरत नसत. छत्री विसरली तर भिजत जात. एकदा त्यांचा चष्मा वर्गात राहिला आणि ते तसेच चाचपडत घरापर्यंत गेले. शाळेतली मुलं त्यांच्यामागे काही ना काही घेऊन पळत असायची. "सर, तुमचं पाकीट!" "सर, तुमची पिशवी!" सर थांबायचे, पण वळायचे नाहीत. हात मागे करून वस्तू घ्यायचे.

गावात त्यांना 'पिंजरावाला मास्तर' म्हणत. लहरींचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी शेडमध्ये बारीक जाळीची एक खोलीच करून घेतली होती. आत एक खुर्ची, एक स्टूल, विजेच्या काट्यांची फळी आणि एक मोठी कळ. नळी जाळीच्या बाहेर, चुंबकाच्या दोन टोकांमध्ये. नळीतून निघालेल्या लहरी ओल्या वाळूच्या पेटीत सोडलेल्या. त्या तिथेच जिरायच्या. जीनमध्ये माणसं यायच्या आधी, सकाळी इंजिन नुसतं तापत ठेवलेलं असायचं, तेव्हा सरांना वीज मिळायची. तास-दीड तास. मग जीन सुरू व्हायची, शेड थरथरायला लागायची, आणि सर हातपाय धुऊन शाळेत यायचे.

काटे आणि नियतकालिकं वाचून दाखवायला मी सकाळी तिथे जावं याला वडील सहजी तयार झाले नाहीत. त्यांनी सरांना घरी बोलावून घेतलं, चहा दिला (सरांनी बशीत बघितलं), आणि स्वच्छ सांगितलं की मुलगी येईल, पण दाराशी कुणीतरी बाईमाणूस बसलं पाहिजे. सरांना यात अपमान वाटला नाही. जीनच्या रखवालदाराची बायको, जिला सगळे मावशी म्हणत, तिला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दारात बसवलं. दार उघडं. दाराबाहेर पाण्याचं पिंप. पिंपाशेजारी गोणपाटावर मावशी, लसूण सोलत किंवा धान्य निवडत.

"बाई, तुम्ही बिनघोर बठा," ती मला म्हणाली. "मी आठेच शे. पन मास्तर त्या पिंजरामा बठीसनी काय करतस, माले तं काही समजत नही."

मलाही तेव्हा फारसं समजत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. मी काटे वाचायला चुंबकाजवळून गेले आणि माझ्या अंबाड्यातले लोखंडी आकडे एकामागून एक सुटून चुंबकाला जाऊन चिकटले. केस पाठीवर मोकळे झाले. मी तशीच थिजून उभी राहिले. सर त्या क्षणी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीला म्हणाले, "मावशी, बाईंना दोरा द्या." चुंबक बंद करून त्यांनी आकडे काढले, कागदात बांधले आणि टेबलाच्या टोकाला ठेवले. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी वेणी घालून, दोऱ्याने बांधून जायला लागले. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच मला तिथे संकोच वाटेनासा झाला.

पिंपाबद्दल सांगायला हवं. बाहेर पडणाऱ्या लहरी नेमक्या मोजायचं यंत्र सरांकडे नव्हतं, म्हणून ते उलट्या बाजूनं मोजत. पिंपातलं पाणी एका छोट्या पंपानं नळीच्या तांब्याभोवती फिरून पुन्हा पिंपात यायचं. नळीतली वाया गेलेली सगळी उष्णता त्या पाण्यात उतरायची. सुरुवातीला पाणी किती गार होतं, शेवटी किती गरम झालं, यावरून वाया किती ते निघायचं. दिलेल्या विजेतून ते वजा केलं की कामी किती ते निघायचं. पिंपावर आतल्या बाजूला खडूची एक खूण होती. पाणी त्या खुणेपर्यंतच हवं, बोटभर वर नाही की खाली नाही. सर ती खूण रोज ठळक करत आणि मावशीला रोज बजावत. सांगून सांगून मावशीच पाण्याची राखण करायला लागली होती. शेवटी सर बाहेर येत, थर्मामीटर बुडवत, आणि आत येऊन दमल्या आवाजात सांगत, "वाया निम्म्याच्या वर." मग पिंप शेडमागच्या चरात ओतून द्यायचे. मी जायला लागल्यापासून रोज हेच. मला वाटायचं, या माणसाला उद्या सकाळी उठवतं तरी कसं?

त्या वर्षी दिवाळीपासून ते चुंबकाची नवी गुंडाळी करत होते. पदराला खार लावून तांब्याची तार आणलेली, हातानं एकेक वेढा बसवलेला. बोटांना चिरा पडल्या होत्या. ती गुंडाळी बसवली तेव्हा थंडी चांगलीच पडलेली होती. पहिल्या सकाळी सर बाहेर जाऊन थर्मामीटर बघून आले. पिंजऱ्याला हात टेकून उभे राहिले.

"सर?"

"उद्या पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वाया गेलेला भाग एकदम खाली आला होता, निम्म्याच्या पुष्कळ खाली. सरांनी त्या दिवशी शाळेत चहा घेतला तेव्हा बशीत बघितलं नाही. शिपाई खट्टू झाला.

त्यांनी माझ्याकडून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पत्र लिहून घेतलं. तिथले एक मोठे गृहस्थ सरांना जुन्या दिवसांपासून ओळखत होते. उत्तर लगेच आलं. ते सुरतेला येणार होते. तिथून गाडीनं नंदुरबारला येऊन एक सकाळ बघतील, आणि आकडे खरे असतील तर सरांना तिकडे जागा देतील. नव्या नळ्या, मोजायची खरी यंत्रं, सगळं. सर पन्नाशी कधीच ओलांडून गेले होते. हातात एकच नळी, आणि तिच्यातला दिवाही तासातासानं झिजत चाललेला. ही संधी गेली तर दुसरी यायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, चुलतभावालासुद्धा ठाऊक होतं. तो शेडला चुना लावून घ्यायला निघाला होता.

"भाई, पाहुण्यांसमोर जरा नीट बोल हं," तो म्हणाला. "नाहीतर त्यांनाही सांगशील, साहेब, तुमच्या बोलण्यात फार वाया जातं."

सर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

पाहुणे यायच्या थोडे दिवस आधी सरांनी मला पिंजऱ्यात कळीपाशी बसायला सांगितलं. पाहुण्यांना ते स्वतः बाहेरून समजावून सांगणार, म्हणजे आत कळ धरायला कुणीतरी हवं. आजवर त्या तासात सर पिंजऱ्यातून कधी उठले नव्हते. मी पण काट्यांकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसलेली असायची. त्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसले. तिथून जाळीपलीकडे उघडं दार, दारातलं कोवळं ऊन आणि पिंप समोरच दिसत होतं.

"मी एकदा पाणी बघून येतो," सर म्हणाले आणि दाराकडे गेले. दारात पोचले आणि थांबले.

मावशी पिंपातून कळशी भरत होती. पाण्यातून वाफ निघत होती. शेजारी उलट्या ठेवलेल्या पाटावर तिची थोरली मुलगी पाय लांब करून बसली होती आणि तिच्या पायांवर उघडं, लालबुंद मूल होतं. मुलगी बाळंतपणाला आलेली आहे, हे मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

"मावशी, हाई काय?" सर म्हणाले. मावशीशी ते तिच्याच बोलीत बोलत.

"काही नही मास्तर. पोऱ्याले आंग धवाडी ऱ्हायनू."

"रोज?"

"रोजच. थंडी पडनी ना, तवयपासून. आठे कापूस शे, आग पेटाडू देतस नही. पानी गरम करानं तं रस्तानापार जावानं. नि तुम्हनं पानी असंच गरम व्हस. विस्तव नही, धूर नही." मग ती जरा चाचरली. "तुम्ही तं फेकीच देतस ना?"

"हां," सर म्हणाले. "फेकीच देस."

"पन मी कमी नही व्हवू देस, मास्तर. दोन कळश्या गरम लिधी तं दोन कळश्या थंडं भरी देस. तुम्हनी खडूनी खूण शे ना, तठलगून. बोटभर इकडे नही का तिकडे नही."

खरंच होतं ते. पाणी खुणेला लागून होतं. सरांनी इतकं बजावलं नसतं तर तिनं नुसतं पाणी काढलं असतं, आणि पातळी खाली गेलेली त्यांना पहिल्याच दिवशी दिसली असती. गुंडाळी बसली त्याच दिवसांत ते मूल जन्मलं होतं. भर घातलेल्या थंड पाण्यानं थर्मामीटर खाली आला होता, वाया जाणारं काही कमी झालेलं नव्हतं. ते त्या मुलाच्या अंगावर ओतलं जात होतं.

सर दारातच उभे होते. मला त्यांची पाठ दिसत होती. थर्मामीटर त्यांच्या हातातच होता. मग ते वळले आणि परत आत आले. निघून मागे फिरलेले सर मी तेव्हा एकदाच पाहिले. त्यांचा चेहरा बघून माझा हात आपोआप कळीकडे गेला.

"बंद करू नका," ते हळूच म्हणाले. "तिचं अजून व्हायचंय."

सरांनी एक दिवस थांबायला सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी मावशीनं पाणी काढलं नाही, आणि वाया निम्म्याच्या वर निघालं. नव्या गुंडाळीनं झालेला फरक इतका थोडा होता की नसल्यात जमा. सरांनी मुंबईला तार करायला सांगितली: आकडे चुकीचे होते, येऊ नये.

चुलतभाऊ तडक शेडमध्ये आला. चुन्याचा हात अर्धवट लागलेला होता. "अरे भाई, येऊ दे ना त्यांना! एक सकाळ तर बघणार. ती बाई दोन कळश्या काढते, आणखी एक दिवस काढेल. त्या माणसाला काय कळणार आहे?"

"तो एकच सकाळ बसेल," सर म्हणाले. "मला रोज बसायचंय."

"कशाला बसायचंय पण आता?"

सरांनी तारेचा मजकूर माझ्याकडे सरकवला. चुलतभाऊ माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा." मी मान खाली घातली. मला जे सांगावंसं वाटत होतं ते मला मराठीत आलं नसतं, आणि इंग्रजीतही आलं असतं असं आता वाटत नाही.

तार गेली.

मला वाटलं होतं की शेडला कुलूप लागेल. पण दुसऱ्या दिवशी इंजिनाचा आवाज आल्यावर मी सवयीनं गेले, तर सर पिंजऱ्यात बसलेले. काटे वाचायला त्यांनी मला सांगितलं नाही. थर्मामीटर त्यांच्या खिशात होता, तो तिथेच राहिला. पिंपातली खडूची खूण ओलीनं पुसट होत गेली, ती त्यांनी पुन्हा काढली नाही. त्या नळीचा एकेक तास ते आजवर किती जपून वापरत! आता नुसते कळ धरून बसत. माझ्या हातात कुठलं तरी जुनं नियतकालिक असायचं. मी वाचायची, ते ऐकायचे की नाही कोण जाणे. बाहेर पाट वाजायचा, पाणी पडायचं, मूल टाहो फोडायचं, मावशी त्याला दटावायची. ते सगळं थांबलं की सर कळ खाली ओढायचे आणि म्हणायचे, "चला, शाळा." पाण्याचं कुणी काही बोलत नसे. मावशीला वाटायचं, मास्तरांचं काम पूर्वीसारखंच चालू आहे. तिला खरं काय ते सांगायचं नाही, असं आमच्यात न बोलताच ठरलं होतं.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी सरांनी कळ वर केली आणि काटा हललाच नाही. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग खुर्चीवरून उठून नळीला तळहात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मला काही विचारायची गरज नव्हती. पंप फिरत होता, पाणी नळीभोवती फिरून पिंपात पडत होतं, तेवढाच आवाज.

बाहेर मावशीनं पिंपात बोट बुडवलं आणि दारातून आत डोकावली.

"मास्तर, आज पानी थंडंच शे."

सरांनी हात काढून घेतला.

"हां, मावशी," ते म्हणाले. "आज काहीच वाया गयं नही."